पोटातला दाब वाढल्यावर आतड्याचा रक्तपुरवठा : औषधाच्या पंपाला हात लावण्यापूर्वीच्या तपासण्या

तक्रार जवळजवळ नेहमी रात्रीच येते आणि तिचे स्वरूप ठरलेले असते. दोन दिवस बऱ्यापैकी स्थिर असलेल्या रुग्णाची ताशी पन्नास-साठ मिलीलीटर उतरणारी लघवी पंधरा-वीसवर येते. पोट फुगते आणि ताठ लागते. राइल्स ट्यूबमधून (नाकावाटे जठरात घातलेल्या नळीतून) दिलेला आहार तसाच परत येतो, व्हेंटिलेटरचा वरच्या दाबाचा अलार्म पुन्हा पुन्हा वाजू लागतो, आणि संध्याकाळी २ असलेले लॅक्टेट (पेशींना प्राणवायू कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ) मध्यरात्रीच्या रक्तवायू तपासणीत ४ च्या पुढे गेलेले दिसते. मॉनिटरवरचा रक्तदाब मात्र नॉरॲड्रेनॅलीन या रक्तवाहिन्या आवळणाऱ्या औषधाच्या आधाराने ठीक असतो, आणि त्यामुळेच सगळ्यांची दिशाभूल होते. शिरोळकडच्या एका रुग्णाच्या बाबतीत हे सर्वांत आधी त्याच्या थोरल्या भावाच्या लक्षात आले होते. भेटीच्या वेळेत पोटावर हात ठेवून तो म्हणाला, "सायेब, काल मऊ हुतं, आज लई कडक लागाया लागलंय." आमच्या चार्टवर त्या वेळेपर्यंत पोटाविषयी एक ओळही नव्हती.

यानंतर ड्यूटीवरच्या डॉक्टरांच्या हातून बहुधा तीन गोष्टी याच क्रमाने होतात. अर्धा लीटर सलाइन दिले जाते, नॉरॲड्रेनॅलीन वाढवले जाते, आणि लघवीसाठी फ्रुसेमाइड दिले जाते. तिन्हींचा उपयोग झाला नाही की मला फोन येतो : "सर, आतड्याला रक्त कमी पडतंय असं वाटतंय, डोब्युटामीन सुरू करू का?" डोब्युटामीन म्हणजे हृदयाचे आकुंचन वाढवणारे औषध. प्रश्न चुकीचा नाही. आतड्याचा रक्तपुरवठा सुधारू शकणारी औषधे आहेत, मी ती वापरतो, आणि त्यांविषयी पुढे लिहिलेही आहे. पण ज्या रात्री हा फोन आला त्यांपैकी बहुतेक रात्री औषधाची गरज पडण्यापूर्वीच बिघाड सापडला, म्हणून तपासण्यांचा क्रम येथे सविस्तर देत आहे. हे लेखन अतिदक्षता विभागातील सहकारी डॉक्टर आणि सिस्टर यांच्यासाठी आहे, सर्व आकडे प्रौढ रुग्णांचे आहेत, आणि यातले कोणतेही औषध सतत निरीक्षणाची सोय असलेल्या खाटेखेरीज अन्यत्र देण्याचे नाही.

आपल्या कोल्हापूर भागात हा त्रास कोणाला होतो, तेही ध्यानात असावे. तणनाशक-कीटकनाशक पोटात गेलेले रुग्ण, विशेषतः ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेत ॲट्रोपीन हा उतारा चालू असलेले. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचे, ज्यांना पहिल्या दोन दिवसांत कित्येक लीटर सलाइन गेलेले असते. पावसाळ्यात डेंग्यूचे, ज्यांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो. यकृत खराब होऊन जलोदर झालेले. आणि महामार्गावर किंवा गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीखाली सापडून भरपूर रक्त व द्रव द्यावे लागलेले. यांपैकी कोणीही खाटेवर असेल तर लक्षणांची वाट न पाहता पहिल्याच दिवशी पोटातला दाब मोजून ठेवावा.

आकडे थोडक्यात असे आहेत. अतिदक्षता विभागातील रुग्णाच्या पोटातला दाब साधारण ५ ते ७ मिमी पारा असतो. तो सतत किंवा पुन्हा पुन्हा १२ किंवा त्याहून जास्त भरला की दाब वाढला असे म्हणतात. १२ ते १५ ही पहिली पायरी, १६ ते २० दुसरी, २१ ते २५ तिसरी आणि २५ च्या वर चौथी. दाब २० च्या वर टिकून राहिला आणि मूत्रपिंड, फुप्फुस, हृदय यांपैकी एखादा अवयव नव्याने निकामी होऊ लागला, तर ते कंपार्टमेंट सिंड्रोम होय, आणि तेथे या लेखाचा बराचसा भाग लागू होत नाही; सरळ शेवटच्या भागाकडे जावे.

आतडेच आधी का उपाशी राहते, हे एकदा नीट समजले की पुढचा क्रम पाठ करावा लागत नाही. पोट ही बंद पेटी आहे. तिच्यातला दाब वाढला की प्रथम पातळ भिंतींच्या शिरा दबतात. रक्त आतड्यात येते, पण सहज बाहेर पडत नाही; आतड्याची भिंत सुजते, सुजेने पेटीतला दाब आणखी वाढतो, आणि चक्र सुरू होते. दुसरीकडे खालची महाशीर दबल्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, वर ढकलला गेलेला श्वासपटल छातीतला दाब वाढवतो, आणि हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारे रक्त घटते. अशा वेळी शरीर मेंदू आणि हृदय सांभाळण्यासाठी आतड्याच्या धमन्या आवळते. आतड्याच्या आतल्या अस्तरावरचे जे बारीक केसासारखे उंचवटे असतात, त्यांच्या टोकांना प्राणवायू एरवीही जेमतेमच पोचतो. म्हणून मोठ्या धमनीत रक्त वाहत असतानाही अस्तर मात्र आधी मरू लागते, आणि दंडावरचा रक्तदाब या सगळ्याविषयी काहीच सांगत नाही.

हिशेबासाठी एक साधी वजाबाकी पुरते : सरासरी धमनीदाबातून पोटातला दाब वजा करायचा. सरासरी दाब ६५ आणि पोटातला दाब २२ असेल तर पोटातल्या अवयवांच्या वाट्याला ४३ उरतात. हे ५१ वर न्यायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे नॉरॲड्रेनॅलीन वाढवून सरासरी दाब ७३ करणे, आणि दुसरा म्हणजे पोटातला दाब १४ वर आणणे. कागदावर उत्तर एकच येते. पण पहिल्या मार्गात आतड्याच्या धमन्या आणखी आवळल्या जाण्याचा धोका असतो आणि दबलेल्या शिरा तशाच राहतात. दुसऱ्या मार्गात दोन्ही बाजू मोकळ्या होतात. हा फरक ६० असावा असा आकडा पूर्वी ध्येय म्हणून सांगितला जाई. या विषयावरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र त्याची शिफारस केलेली नाही. मी तो दिशा पाहण्यासाठी वापरतो, गाठण्याचा आकडा म्हणून नाही.

फुकटच्या तपासण्या : नळी, पिशवी, खाट

सर्वप्रथम चादर बाजूला करून लघवीची नळी मांडीपासून पिशवीपर्यंत बोटाने चाचपत जावे. नळी मांडीखाली दबलेली, खाटेच्या कठड्यात अडकलेली किंवा रक्ताच्या गाठीने तुंबलेली असेल, तर लघवी कमी आणि ओटीपोट ताठ ही दोन्ही लक्षणे तेवढ्यानेच निर्माण होतात. असे प्रसंग आपण कबूल करतो त्यापेक्षा जास्त घडतात. शंका असेल तर वीस मिलीलीटर निर्जंतुक सलाइनने कॅथेटर धुऊन घ्यावे.

मग खाट पाहावी. न्यूमोनिया टाळण्यासाठी डोके वर ठेवण्याची सवय योग्यच आहे, पण रुग्ण घसरून खाली आला आणि कमरेत दुमडला गेला की पोट दाबले जाते. रुग्णाला दोघांनी वर सरकवून घ्यावे, खाट कमरेत न वाकवता सबंध तिरकी करावी. पोटावर घट्ट बांधलेला पट्टा, ड्रेसिंगवरचे चिकटपट्टीचे थर, हात बांधताना पोटावरून गेलेली चादर हे सर्व सोडवावे.

आकडा खरा आहे का?

हाताने चाचपून पोटातला दाब ओळखता येत नाही. अनुभवी हातसुद्धा फसतो. मूत्राशयातून दाब मोजण्याची पद्धत १९८४ पासून रूढ आहे आणि तिला वेगळे महागडे साहित्य लागत नाही. पण ती करताना होणाऱ्या चुका इतक्या ठरीव आहेत की चुकीच्या आकड्यावर दोन-दोन दिवस उपचार झालेले मी पाहिले आहेत.

योग्य रीत अशी. रुग्ण पूर्ण सपाट. कॅथेटरच्या पुढे, पिशवीकडची नळी चिमट्याने बंद. मूत्राशय रिकामे करून थ्री-वेमधून (तीन तोंडांच्या तोटीतून) जास्तीत जास्त २५ मिलीलीटर निर्जंतुक सलाइन. अर्धा ते एक मिनिट थांबणे. शून्य रेषा बरगडीखाली किंवा जांघेच्या हाडावर नव्हे, तर काखेच्या मध्यरेषेवर कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेशी. वाचन श्वास बाहेर सोडल्याच्या शेवटी, आणि पोटाचे स्नायू सैल असताना. रुग्ण खोकत, कण्हत किंवा व्हेंटिलेटरशी भांडत असेल तर तो आकडा लिहूच नये.

यातली एक चूक स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे. ट्रान्सड्यूसर (मॉनिटरला जोडलेले दाब मोजण्याचे उपकरण) मोकळा नसला की आपण सलाइनची उभी नळी धरून पाण्याच्या पातळीवरून दाब वाचतो. तो आकडा सेंटिमीटर पाणी असतो, मिमी पारा नव्हे, आणि त्याला १.३६ ने भागावे लागते. एकदा सिस्टरांनी अतिशय काळजीपूर्वक, फूटपट्टी लावून २४ वाचले आणि चार्टवर २४ लिहिले. सकाळच्या राउंडपर्यंत रुग्ण "तिसऱ्या पायरीचा" ठरून सर्जनला निरोपही गेला होता. भागाकार केला तेव्हा साडेसतरा आले. चूक सिस्टरांची नव्हती, कारण चार्टच्या रकान्यावर एकक छापलेलेच नव्हते. आता आमच्या चार्टवर ते हाताने लिहिलेले असते.

दर चार ते सहा तासांनी, शक्यतो त्याच रीतीने, दाब मोजावा. एका आकड्यापेक्षा चार आकड्यांची चाल जास्त बोलते.

आतडे रिकामे करणे

दाब खरोखरच वाढलेला असेल तर पुढची तपासणी राइल्स ट्यूबची आहे, आणि ती पन्नास मिलीलीटरच्या सिरिंजने होते. रात्री दहाच्या गोळ्या वाटून दिल्यावर ट्यूब तासभर बंद ठेवायची असते. ती बंद केली जाते, मग दुसऱ्या खाटेवर गडबड होते आणि टोपण तसेच राहते. पहाटे तीन वाजता एका रुग्णाच्या ट्यूबचे टोपण उघडले तेव्हा बादलीत हिरवट पाणी धारेने पडू लागले आणि नऊशे मिलीलीटरवर थांबले. तासाभराने मोजलेला दाब १९ वरून १४ वर आला होता. त्या रात्री डोब्युटामीनची सिरिंज भरून तयार होती. ती तशीच टाकून दिली.

ट्यूब मोकळी असूनही पोट फुगलेले असेल तर पोटाचा एक एक्स-रे काढावा आणि मोठे आतडे फुगले आहे की लहान, ते पाहावे. मोठे आतडे वायूने भरले असेल तर गुदमार्गे नळी किंवा एनिमा. पोटॅशियम कमी असेल तर आतडे हलत नाही, म्हणून ते त्याच रात्री भरून काढावे. मेटोक्लोप्रमाइड किंवा एरिथ्रोमायसिन जठर रिकामे करण्यास मदत करतात. नळी व एनिमाने भागले नाही आणि यांत्रिक अडथळा नाही याची खात्री असेल, तर मोठ्या आतड्यासाठी निओस्टिग्मीन २ मिलिग्रॅम, तीन ते पाच मिनिटांत सावकाश, मॉनिटरवर नजर ठेवून आणि ॲट्रोपीन भरून हाताशी ठेवून देता येते, कारण नाडी एकदम मंदावू शकते.

येथे आपल्या भागासाठी एक इशारा ठळकपणे द्यावा लागतो. ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधेच्या रुग्णाला निओस्टिग्मीन कदापि देऊ नये. विषाने जे एन्झाइम आधीच बंद पाडलेले असते, तेच हे औषधही बंद पाडते. अशा रुग्णाचे पोट फुगण्याचे नेहमीचे कारण वेगळे असते : ॲट्रोपीन गरजेपेक्षा जास्त झालेले असते. स्टेथोस्कोप पोटावर ठेवावा. आतड्याचा आवाज पूर्ण थांबलेला, बाहुल्या विस्फारलेल्या, अंग तापलेले, नाडी १३० आणि रुग्ण हवेत हात फिरवीत असेल, तर उपाय नवे औषध सुरू करण्यात नाही, तर ॲट्रोपीनचा पंप थांबवून, छाती स्वच्छ राहते ना हे पाहत, कमी गतीने पुन्हा लावण्यात आहे.

औषधांचा तक्ता : आधी काढा, मग घाला

ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तिच्यासाठी रुग्णाला हातही लावावा लागत नाही. आतड्याचा रक्तपुरवठा वाढवणारे औषध सुरू करण्यापूर्वी तो कमी करणारे एखादे औषध तक्त्यावर आहे का, ते वाचावे. व्हॅसोप्रेसिन, टर्लिप्रेसिन, ऑक्ट्रिओटाइड आणि मोठ्या मात्रेतले ॲड्रेनॅलीन ही चारही आतड्याच्या धमन्या आवळतात. यकृताच्या रुग्णाला रक्ताची उलटी थांबवण्यासाठी सुरू केलेले टर्लिप्रेसिन उलटी थांबून चार दिवस झाले तरी चालूच असते; स्वादुपिंडाच्या दाहात ऑक्ट्रिओटाइड निव्वळ सवयीने लिहिलेले असते. प्रत्येकाचे आजचे कारण काय, असे विचारावे आणि कारण नसेल ते थांबवावे. फेंटानिल वा मॉर्फिनसारखी औषधे आतड्याची हालचाल मंदावतात. ती लगेच बंद करता येत नाहीत, पण मात्रा कमी करता येते का, हे पाहता येते.

"किडनीसाठी थोडे डोपामीन" ही ओळही कधीकधी अजून दिसते. कमी मात्रेतल्या डोपामीनने मूत्रपिंड वाचत नाही, हे २००० साली मोठ्या चाचणीतून दिसून आले, आणि शॉकमध्ये नॉरॲड्रेनॅलीनच्या तुलनेत डोपामीनने हृदयाची लय जास्त बिघडते, हे २०१० साली. ती ओळ निःसंकोच खोडावी.

पोटाची भिंत सैल करणे

वेदना असलेला किंवा व्हेंटिलेटरशी विसंगत श्वास घेणारा रुग्ण पोटाचे स्नायू सतत आवळत असतो. वेदनाशमन आणि झोपेचे औषध नीट लागू करून अर्ध्या तासाने दाब पुन्हा मोजावा. तरीही तो २० च्या आसपास राहिला आणि रुग्ण व्हेंटिलेटरवर गाढ झोपेत असेल, तर स्नायू सैल करणारे औषध थोड्या वेळापुरते देऊन पाहता येते. दाब उतरला तर काही तासांची सवड मिळते. नाही उतरला तर दाबाचे मूळ भिंतीत नसून आत आहे एवढे नक्की कळते.

द्रवाचा हिशेब

येथे सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्या दोन्ही दिशांनी होतात.

पहिल्या दिवसापासूनची आवक-जावक एका कागदावर मांडून बेरीज करावी. रोजचा हिशेब रोज बंद होतो आणि दुसऱ्या दिवशी शून्यापासून सुरू होतो, म्हणून साठलेली बाकी कोणाला दिसत नाही. शिरोळच्या ज्या रुग्णाचा वर उल्लेख केला, त्याची चार दिवसांची बाकी सात लीटरवर गेली होती, आणि त्या रात्रीही त्याला लघवी कमी म्हणून पुन्हा पाचशे दिले गेले होते. दिलेल्या सलाइनचा मोठा भाग रक्तवाहिन्यांत राहत नाही. तो आतड्याच्या भिंतीत आणि पोटाच्या पोकळीत जाऊन बसतो. अशा रुग्णात लघवी कमी पडणे हे तहानेचे लक्षण नसते, तर दाबलेल्या मूत्रपिंडाचे असते.

पण याच्या उलट, रक्तवाहिन्या खरोखर रिकाम्या असलेला रुग्णही असाच दिसतो. मध्यवर्ती शिरेतील दाबावरून निर्णय करू नये, कारण पोटातला दाब छातीत पोचतो आणि तो आकडा फुगवतो. ढोबळमानाने त्यातून पोटातल्या दाबाचा निम्मा वजा करावा : शिरेतील दाब १६ आणि पोटातला २० असेल तर खरा दाब ६ च्या जवळचा समजावा. पाय उचलून पाहण्याची चाचणीही अशा पोटात फसते, कारण पायातले रक्त दबलेल्या महाशिरेतून वर येतच नाही. म्हणून सोनोग्राफीचे यंत्र खाटेशी आणून हृदय प्रत्यक्ष पाहावे. डाव्या कप्प्याच्या भिंती प्रत्येक ठोक्याला एकमेकींना टेकत असतील तर रुग्ण रिकामा आहे, आणि त्याला मोजूनमापून द्रव द्यावा. हृदय भरलेले पण सुस्त आकुंचन पावत असेल तर पुढचा भाग त्याच्यासाठी आहे. हृदय भरलेले आणि जोरदार असेल, तर द्रव थांबवून काढण्याकडे वळावे : फ्रुसेमाइड, आणि लघवी येतच नसेल तर डायलिसिसद्वारे द्रव काढणे.

त्याच यंत्राने, त्याच वेळी, पोटात मोकळे पाणी आहे का तेही पाहावे. असेल आणि सुई सुरक्षितपणे जाणार असेल तर ते काढणे हा सबंध यादीतला सर्वांत झटपट उपाय आहे. जलोदराच्या रुग्णात दोन-तीन लीटर पाणी निघाल्यावर लघवी पुन्हा सुरू झालेली मी त्याच शिफ्टमध्ये पाहिली आहे. यकृताच्या रुग्णात मोठ्या प्रमाणावर पाणी काढले तर अल्ब्युमिन देण्याचे विसरू नये.

आता औषध

वरचे सर्व करूनही पोटातला दाब १२ ते २० च्या दरम्यान राहिला, रक्तवाहिन्या भरलेल्या आहेत, सरासरी धमनीदाब नॉरॲड्रेनॅलीनवर ६५ च्या आसपास आहे, आणि तरीही लॅक्टेट उतरत नाही, हातपाय गार आहेत, हृदयाचे आकुंचन मंद दिसते, अशा रुग्णात मी डोब्युटामीन वापरून पाहतो.

त्यामागचा आधार काय आणि किती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या डुकरांवरील प्रयोगात पोटातला दाब १५ मिमीवर ठेवून औषधे दिली गेली. कमी मात्रेतल्या डोब्युटामीनने, म्हणजे दर किलोला दर मिनिटाला ५ मायक्रोग्रॅमने, आतड्याच्या अस्तराचा रक्तपुरवठा सुधारला. तेवढ्याच मात्रेतल्या डोपामीनने सुधारला नाही. कारण समजण्यासारखे आहे. डोब्युटामीन हृदयातून बाहेर पडणारे रक्त वाढवते आणि धमन्या आवळत नाही. मात्र डुकराच्या आतड्यात रक्त वाढले म्हणून माणसाचा जीव वाचतो, असे त्यातून सिद्ध होत नाही. म्हणून मी याला नेहमीचा उपचार न मानता वेळ ठरवून घेतलेली एक चाचणी मानतो.

मात्रा दर किलोला दर मिनिटाला २.५ मायक्रोग्रॅमपासून सुरू करावी आणि ५ वर थांबावे. त्यापुढे जाण्याने मला फारसे हाती लागलेले नाही, नाडी मात्र धावते. २५० मिलिग्रॅम ५० मिलीलीटरमध्ये मिसळले तर एका मिलीलीटरमध्ये ५ मिलिग्रॅम होते, आणि साठ किलोच्या रुग्णाला ५ मायक्रोग्रॅमसाठी पंपाची गती ताशी ३.६ मिलीलीटर येते. हा हिशेब दोघांनी स्वतंत्रपणे करून जुळवावा. सोडियम बायकार्बोनेट ज्या नळीतून जात आहे त्या नळीतून हे देऊ नये. सुरू करण्यापूर्वी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पाहून घ्यावे.

सुरू करण्यापूर्वीच कागदावर लिहावे की काय झाले तर बंद करायचे. माझी यादी अशी असते : नाडी १३० च्या वर किंवा मूळच्यापेक्षा ठळकपणे जास्त, नव्याने अनियमित लय, ईसीजीत बदल, किंवा सरासरी दाब घसरून नॉरॲड्रेनॅलीन वाढवावे लागणे. औषधाचा परिणाम मिनिटांत ओसरतो, ही त्याची मोठी सोय आहे. मग दर अर्ध्या तासाने नखावर दाबून रंग परत यायला किती सेकंद लागतात ते पाहावे. तीनच्या आत येणे चांगले. दोन तासांनी लॅक्टेट पुन्हा. ॲड्रेनॅलीन चालू असेल किंवा यकृत खराब असेल तर लॅक्टेट आतड्याविना सुद्धा चढे राहते, म्हणून एकट्या त्या आकड्यावर विसंबू नये. दोन-तीन तासांत काहीच हलले नाही तर औषध बंद करावे. "चालू आहे, राहू दे" हा निर्णय नव्हे.

एकदा हृदय न पाहताच हे औषध सुरू केले गेले होते. अर्ध्या तासात नाडी १५० वर गेली आणि दाब ६५ वरून ५० वर आला. सोनोग्राफीचे यंत्र लावले तेव्हा हृदयाचा डावा कप्पा रिकामा होता. पंप रिकाम्या विहिरीत सोडल्यासारखे झाले होते. औषध बंद केले, द्रव दिले, रुग्ण सावरला.

नॉरॲड्रेनॅलीन वाईट नाही. सरासरी दाब ५५ असताना आतड्याला काहीच मिळत नाही, आणि तेथे ते दिलेच पाहिजे. फक्त ६५ गाठल्यावर लघवीसाठी ते वाढवत राहू नये. त्याच्या कुपीवर लिहिलेली मात्रा बेसची आहे की बायटार्ट्रेट या क्षाराची, हेही वाचावे. ४ मिलिग्रॅम बायटार्ट्रेटमध्ये बेस २ मिलिग्रॅमच असते, आणि कंपनी बदलली की पंपावरचा तोच आकडा निम्मा किंवा दुप्पट अर्थाचा होऊ शकतो. मिल्रिनोन हे हृदयाचे आकुंचन वाढवणारे दुसरे औषध या रुग्णांत मी टाळतो, कारण मूत्रपिंड बंद असताना ते शरीरात साठते.

औषधाच्या काळात आहाराची घाई करू नये. शॉकमध्ये लवकर पूर्ण आहार नळीने दिलेल्या रुग्णांत आतड्याच्या रक्तपुरवठ्याचे नुकसान जास्त दिसल्याचे २०१८ च्या मोठ्या फ्रेंच चाचणीत नोंदले गेले आहे. शॉक आटोक्यात आल्यावर ताशी दहा-वीस मिलीलीटरने सुरुवात पुरे.

येथे थांबा आणि सर्जनला बोलवा

दाब २० च्या वर टिकून आहे आणि अवयव निकामी होत आहेत, तर डोब्युटामीन, फ्रुसेमाइड, पुन्हा मोजणे यांत रात्र घालवू नये. पोट उघडून दाब सोडवणे हाच तेथे उपाय असतो आणि तो निर्णय सर्जनचा आहे. पोट लाकडासारखे झाले, शौचातून रक्त आले, एक्स-रेत मोकळा वायू किंवा आतड्याच्या भिंतीत वायू दिसला, सर्व उपायांनंतरही लॅक्टेट चढतच राहिले, किंवा पोटाला मार लागलेल्या रुग्णाचे हिमोग्लोबिन घसरत असेल, तरीही तेच.

एक प्रकार वेगळा ओळखावा. हृदयाची लय अनियमित असलेल्या रुग्णाच्या पोटात अचानक असह्य वेदना सुरू झाली आणि चाचपताना पोट त्या मानाने मऊ लागले, तर आतड्याच्या धमनीत गाठ अडकल्याची शक्यता आधी धरावी. तेथे पोटातला दाब मोजत बसू नये; धमन्यांचे सीटी स्कॅन तत्काळ करावे, आणि मूत्रपिंड खराब आहे म्हणून ते पुढे ढकलू नये. स्कॅनमध्ये गाठ नाही पण धमन्या आवळलेल्या दिसल्या, तर जेथे अँजिओग्राफीची सोय आहे तेथे धमनीतच नळी घालून पापाव्हेरीनसारखे औषध सोडता येते. ते काम त्यातील तज्ज्ञांचे आहे, आयसीयूतल्या सिरिंज पंपाचे नाही.

बोलावण्याची वेळ ठरवताना रस्ताही हिशेबात धरावा. गगनबावडा, आजरा किंवा चंदगडच्या लहान रुग्णालयात असा रुग्ण असेल, तर दाब १६ च्या पुढे चढू लागतानाच कोल्हापूरला फोन करावा, २२ झाल्यावर नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये तर त्याहूनही आधी; २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता, आणि त्या काळात रुग्ण हलवण्याचा निर्णय डॉक्टरांपेक्षा पंचगंगेच्या पाणीपातळीवर जास्त अवलंबून होता.

फोनवर सर्जनला गोष्ट सांगू नये, सहा आकडे सांगावेत : पोटातल्या दाबाची शेवटची तीन मोजमापे वेळेसह, सरासरी धमनीदाब, नॉरॲड्रेनॅलीनची मात्रा, गेल्या सहा तासांची लघवी, लॅक्टेटची चाल, आणि पहिल्या दिवसापासून साठलेली द्रवाची बाकी. त्यासोबत दाबाचे एकक मिमी पारा आहे की सेंटिमीटर पाणी, हेही सांगावे.